हिला सर्दी झालीय का?

परवा बेसिनचा नळ दुरुस्त करायला प्लंबर आला आणि जाताना माझं सहा दिवसांचं काम अंगठ्याने पुसून गेला. नळ अजून गळतोच आहे.

हकिगत खरं तर एवढीच. पण ती नीट कळायची तर एक कबुली द्यावी लागेल. मी बावन्न वर्षांचा आहे आणि बाहुल्या रंगवतो. भातुकलीतल्या नव्हेत. रेझिनच्या, जवळजवळ दोन फूट उंच, कोपरा-गुडघ्यांत गोटीसारखे सांधे असलेल्या. १९९९ साली जपानच्या व्होल्क्स कंपनीने ‘सुपर डॉल्फी’ बाजारात आणली, तेव्हापासून जगभरची चांगली शिकलीसवरलेली माणसं या नादाला लागली आहेत. कारखान्यातून आलेला गुळगुळीत चेहरा पुसून टाकायचा आणि जिवंत वाटेल असा नवा रंगवायचा, याला आमच्या मंडळींत फेस-अप म्हणतात. आमच्या घरात ‘ह्यांचं ते’ म्हणतात.

जिवंत वाटणं म्हणजे गुलाबी वाटणं नव्हे. माणसाची कातडी कधीच एका रंगाची नसते. पापणीची कड तांबूस, डोळ्यांखाली निळसर, नाकपुड्यांशी लाल, कपाळाच्या कडेला एखादी शीर दिसते न दिसते अशी. सॉफ्ट पेस्टलची कांडी ब्लेडने खरवडायची, ती भुकटी ब्रशने आहे की नाही इतपत लावायची, मॅट स्प्रेने सील करायची, वाळू द्यायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. स्प्रे मारताना वाफा छातीत जाऊ नयेत म्हणून तोंडावर दोन डबे लटकवलेला मास्क लावतो. मग भुवया. त्या वॉटरकलर पेन्सिलने, केसागणिक एक रेघ. डावी भुवई माझ्या हातून होते, उजवी नशिबाने. या खेपेला दोन्ही एकाच बाईच्या वाटत होत्या, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

तर हे डोकं पॅसेजमधल्या टेबलावर, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर बसवलेलं होतं. कवटीचं झाकण काढलेलं, केस नाहीत, डोळ्यांच्या जागी दोन भोकं. सहसा लोक दचकतात. मासाहिरो मोरी नावाच्या जपानी यंत्रमानव-तज्ज्ञाने १९७० साली लिहून ठेवलंय की निर्जीव वस्तू माणसासारखी होत जाते तशी ती आवडत जाते, आणि अगदी माणसाजवळ पोचली की एकदम नकोशी होते. मध्ये एक दरी लागते. मोरींचं अक्षरही न वाचता आमची ही त्या दरीत तीन वर्षं मुक्कामाला आहे. पॅसेजमधून जाताना भिंतीकडे तोंड करून जाते.

प्लंबर दचकला नाही. त्याने पाना खाली ठेवला, वाकला, निरखून बघितलं आणि विचारलं, “हिला सर्दी झालीय का?”

“नाही,” मी म्हटलं.

“मुलीची आहे?”

“माझी.”

त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं. “ते रंगवतात,” आतून आवाज आला. ‘ते घोरतात’ हे ज्या सुरात सांगतात, त्या सुरात.

“मग नाक कशाला लाल केलं, साहेब? चांगलं एकसारखं गुलाबी करायचं.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण ज्या विषयावर घरात कोणी ऐकून घेत नाही, त्यावर परक्या माणसाने प्रश्न विचारला की माझा तोल जातो. मी त्याला कातडीचे थर, रक्तवाहिन्या, उजेड, सगळं सांगितलं. वर आरसा आणून त्याच्यापुढे धरला. “बघा. तुमचंही नाक कडेला लालच आहे की नाही?”

त्याने बराच वेळ आरशात पाहिलं.

“मला सर्दीच आहे, साहेब.”

मग त्याची नजर टॉवेलवर पसरलेल्या धडाकडे गेली. न विचारता त्याने गुडघा वाकवून पाहिला. “बॉल व्हॉल्व्हच की हा! आत रबर ताणलंय ना? हुक लावून? सैल पडणार ते.” मी म्हटलं, पडतं, मग बदलावं लागतं. “आणि उन्हात ठेवू नका. पिवळी पडेल.” आता रेझिन उन्हाने पिवळं पडतं हे मला समजलं ते पहिली बाहुली पिवळी पडल्यावर. याला पाइपांवरून माहीत! मला त्याचा राग आला तो खरा इथे. चुकीचं बोलणाऱ्याला माफ करता येतं.

त्याने टॉर्च मागितला म्हणून मी आत गेलो. अर्ध्या मिनिटाचं काम. परत आलो तर हा अंगठा वर करून उभा. “गालावर धूळ बसली होती. पुसली.”

ती धूळ म्हणजे शेवटचा थर, अजून सील न केलेला. तेवढाच गेला असता तरी चाललं असतं, खालचे थर पक्के होते. पण अंगठ्याला नळाचं ग्रीस होतं, आणि मॅट पृष्ठभाग ग्रीस असा पिऊन टाकतो की सांगता सोय नाही. एका गालापुरती डागडुजी होत नाही, दोन गाल दोन माणसांचे दिसतात. म्हणजे अख्खा चेहरा पुसा. भुवयांसकट.

हौस म्हणून जुनी मोटरसायकल खोलून बसणाऱ्याला लोक शौकीन म्हणतात. त्याचा कार्बोरेटर कोणी येता-जाता पुसत नाही. भिंतीवरच्या चित्राला कोणी बोट लावत नाही. बाहुली दिसली की मात्र प्रत्येकाचा हात पुढे होतो, आणि ती रंगवणारा पुरुष असला तर हाताबरोबर भुवईही वर जाते. याच माणसाच्या पान्याला मी त्या दिवशी नुसता हात लावला, तर म्हणाला, “राहू द्या साहेब, तुमचं काम नाही ते.” मी मुकाट्याने ठेवला! आणि जाताना सांगून गेला की नळाला वॉशर दुसरा लागेल, उद्या आणतो. तो उद्या अजून उजाडलेला नाही.

रात्री आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस घेऊन बसलो. पहिल्यांदा उजवी भुवई गेली. लगेच नवा थर द्यावा म्हटलं तर हवा दमट, आणि दमट हवेत स्प्रे मारला की चेहऱ्यावर पांढरट साय धरते. म्हणजे हवा कोरडी होईपर्यंत बसा नळाचे थेंब मोजत. डोकं तसंच कोरंकरकरीत बाटलीवर ठेवलं.

सकाळी ही पॅसेजमधून जाताना थांबली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिने बाहुलीकडे सरळ तोंड करून पाहिलं.

“बरी झाली वाटतं सर्दी,” म्हणाली.