खुलासा: ‘ब्रोकनवायर’ने बॅटरी जळत नाही

‘पार्किंगमधला हॅकर रेडिओलहरींनी इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी जाळतो’ हा फिरता संदेश चुकीचा आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि स्वित्झर्लंडच्या आर्मासुइस या सरकारी संरक्षण संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये मांडलेल्या ‘ब्रोकनवायर’ त्रुटीत चार्जिंग फक्त थांबते. सीसीएस या प्रचलित जलद-चार्जिंग मानकाचा डीसी चार्जर आणि गाडी केबलमधूनच पॉवरलाइन संदेशांनी बोलतात. ही केबल अँटेनासारखी बाहेरचा सिग्नलही पकडते. हल्लेखोराकडून पॅकेटच्या (संदेशाच्या तुकड्याच्या) सुरुवातीची खूण सतत येत राहिली की मोडेमला, म्हणजे संदेशांची देवाणघेवाण करणाऱ्या भागाला, लाइन व्यस्त वाटते, तो गप्प बसतो आणि सत्र तुटते. सुमारे १ वॉट शक्तीने हे तब्बल ४७ मीटरवरून जमले, म्हणजे त्रुटी क्षुल्लक नाहीच. हल्ला थांबला तरी चार्जिंग आपोआप सुरू होत नाही. प्लग काढून पुन्हा लावा. घरच्या साध्या एसी चार्जिंगमध्ये ही पॉवरलाइन पद्धत सहसा नसतेच.