गाडी उघडा!

आज सकाळी एक पोरगं माझ्या धाकट्या भावाच्या गॅरेजवर रेसिंगचे बूट विकायला आलं. नऊ नंबर, एकच हंगाम वापरलेले. परवाच्या डर्ट रेसला, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या बाइक रेसला, हे पोरगं चौथं आलं होतं. मला वाटलं, दमलं असेल, सोडतंय. तर नाही. बूट विकून त्याला इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, वाढवायचा होता, ताकदीसाठी! "आणि पायात काय घालणार?" विचारलं तर म्हणे, "मित्राचे मागून घेतो की दादा. आठ नंबर आहेत, पण एका हीटपुरते, एका फेरीपुरते चालतात."

चहा पाजला त्याला. तेव्हा वाईट वाटत होतं. आता दुपारचे तीन वाजलेत आणि नुसता संताप होतोय, म्हणून लिहितोय.

पोराकडं हिरोची दीड लाखाची एक्सपल्स, तीही हप्त्यावर. आणि पुढच्या तिघांकडं बाहेरून आलेल्या, आठ लाखांच्या घरातल्या, फक्त मोटोक्रॉससाठीच, म्हणजे असल्या मातीतल्या रेससाठीच, बनवलेल्या अडीचशे सीसीच्या गाड्या. सगळे एकाच गेटवर, एकाच सुरुवातीच्या रेषेवर. का, तर ओपन क्लास, कुठलीही गाडी आणा. कोल्हापुरात राहतो आपण. ५७ किलोच्या गड्यासमोर ९७ किलोचा सोडला तर तालमीतला कुठला वस्ताद गप्प बसेल? इथं मात्र सगळे टाळ्या वाजवतात, कारण उडी उंच जाते.

जुन्या मित्रांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा, कारण मी पुन्हा ९८ ची रेस सांगणार आहे.

धाकट्याची आरएक्स १३५, स्टॉक क्लास. स्टॉक म्हणजे शोरूममधनं आली तशी गाडी. हा दुसरा आला. पहिल्याच्या गाडीचा आवाज ऐकून उद्यमनगरातलं, आमच्या कारखान्यांच्या वस्तीतलं, शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल की पोर्ट घासलेत आणि हेड प्लेन केलंय, म्हणजे ताकद वाढवायला इंजिन आतनं तासलंय. प्रोटेस्ट, म्हणजे गाडी उघडून तपासा अशी तक्रार, करायचा तर निकालानंतर अर्ध्या तासात दोन हजार रुपये भरायचे. गाडी सरळ निघाली तर पैसे गेले. सगळ्यांचे खिसे उलटे केले, तेराशे चाळीस निघाले. मी एम-८० वर घरी. आईनं काही न विचारता डाळीच्या डब्यातनं पैसे काढून दिले. परत येईपर्यंत चाळीस मिनिटं झालेली, टेबल आवरलेलं. गाडी उघडलीच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. पहिल्या आलेल्या तीन गाड्यांची इंजिनं उघडा. कुणी तक्रार करो न करो, फी न घेता, सगळ्यांसमोर. दोन-स्ट्रोकचं हेड आणि सिलिंडर धाकटा गप्पा मारत काढतो. फोर-स्ट्रोकला वेळ जातो, कबूल. मग सकाळी स्क्रुटिनीतच, रेसआधीच्या तपासणीतच, बोल्टांत तार ओवून सील मारा आणि संध्याकाळी सील बघा. टायर दिवसाला एकच जोडी, त्यावर रंगाचा ठिपका. याला किती खर्च येतो? बक्षीस समारंभाच्या हारतुऱ्यांपेक्षा कमीच.

हे काही माझ्या डोक्यातनं निघालेलं नाही. बेल्जियमच्या मोटोक्रॉस विजेत्या रॉजर डी कॉस्टरच्या काळात कारखान्यांनी गाड्या इतक्या हलक्या केल्या की १९७३ ला किमान वजनाचा नियम आणावा लागला. अमेरिकेत तर एक झकास नियम होता: कारखान्याची रेसची गाडी ठरलेल्या किमतीला दुसऱ्या रेसरला मागता यायची! विचार करा, आठ लाख ओतलेली गाडी दोन लाखांत द्यावी लागणार असेल तर ओतेल कोण? मालक लोकांना हे पचणं अवघडच. पुढं १९८६ ला तिथं सरळ सांगितलं, हातानं घडवलेल्या खास गाड्या बंद, दुकानात विकता त्याच गाडीवर बेतलेली गाडी आणा.

हो, त्या वर्षी सुपरक्रॉसचं, म्हणजे स्टेडियममधल्या मोटोक्रॉसचं, अजिंक्यपद रिक जॉन्सननं होंडावरच नेलं. पैसेवाला जिंकतोच. माहीत आहे.

आणि कंपन्या नकोत असंही नाही. त्यांच्याशिवाय जानेवारी २०२४ ला बालेवाडीत सुपरक्रॉस लीग दिसली नसती. आम्ही दोघं गेलो होतो. परदेशी रेसर साडेचारशे सीसीच्या गाड्या घेऊन उडत होते आणि आमचा धाकटा, पन्नाशीला टेकलेला माणूस, डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होता. "दादा, सगळ्या एकसारख्या वाजताहेत," म्हणाला. त्याला काय म्हणायचं होतं ते मला बरोबर कळलं.

बरं, आता लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ९९ ला आम्हीपण पोर्ट घासले. स्टॉक क्लासमध्येच. मीच उद्यमनगरातल्या लेथवर हेड घेऊन गेलो होतो. कुणी उघडतच नसेल तर सरळ राहून दरवर्षी दुसरं कशाला यायचं, असा हिशेब होता. तिसऱ्या लॅपला पिस्टन जाम झाला आणि धाकटा ट्रॅकवरच्या दोन सरींमध्ये तोंडावर पडला. डावी कॉलरबोन अजून पावसाळ्यात बोलते. आईला आम्ही डाळीच्या डब्यातल्या पैशांचा हिशेब दिला, याचा नाही दिला.

म्हणून सकाळी त्या पोराला "असलं काही करू नकोस" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

खर्च परवडेना झाला की पोरं आधी अंगावरचं काढतात आणि इंजिनात घालतात. आयोजकांना हे दिसत नाही? दिसतं. तुम्हालाही दिसतं. परवा ग्राउंडवर तुमच्यातले निम्मे होते.

बूट मी ठेवून घेतलेत, पैसे दिलेले नाहीत. रेसच्या दिवशी सकाळी माझ्याकडनं घेऊन जा आणि संध्याकाळी परत आणून दे, असं सांगितलंय. त्यानं मान डोलावली.

मी गाडीला किक मारेपर्यंत धाकटा त्याच्या एक्सपल्सपाशी वाकून विचारत होता, "बोअर किती करायचाय रे?"