रस्ता फुकट, बस महाग

आमच्या सदाशिव पेठेतल्या गल्लीत एक चारचाकी महिनोन्‌महिने उभी आहे. काचेवर धुळीचा थर, टायर बसलेले, खाली कचरा साचलेला. भाडं शून्य! आणि पुण्याच्या पीएमपी बसने जाणाऱ्याचं किमान तिकीट जून २०२५ पासून पाचाचं दहा झालं. पैसे मोजायचे ते त्यानेच का? २०१८ मध्ये रस्त्यावर गाडी लावायला पैसे घ्यायचं पार्किंग धोरण आलं, आरडाओरडा झाला, ते पाच रस्त्यांपुरतं उरलं आणि पुढे तेही बासनात गेलं. अरे, सार्वजनिक जागा अडवता तर भाडं भरा ना! रात्रीचंसुद्धा. त्या पैशातून बस वाढवा. माझी आई काठी टेकत भर रस्त्यातून चालते, कारण कडेला सगळ्या गाड्या. मागून हॉर्न वाजवतात ते वेगळंच. संताप होतो नुसता!