वेलांटी कुठं गेली?

व्हिडिओ एडिटिंगला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, असं बेळगावात गणपत गल्लीच्या तोंडाशी विचारा. तिसऱ्या रेल्वे गेटाला पोचेपर्यंत सात उत्तरं जमतात. सगळ्यात ठाम उत्तर एकच: "दाविंची टाक की, फुकट हाय!"

फुकट आहेच. दाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतून 3840 × 2160 पर्यंत व्हिडिओ बाहेर काढता येतो. फक्त सांगणाऱ्याकडं 32 जीबी रॅम असते आणि माझ्याकडं 8. प्ले दाबलं की शिवजयंतीचा चित्ररथ जसा दर चौकात थांबतो, तसं चित्र थांबत थांबत सरकतं. मूळ क्लिपच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, करून घेतल्या तर जरा वेग येतो. नाहीतर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह ही एडिटिंगची सॉफ्टवेअरं बघावीत. दोन्ही फुकट, दोन्हीची भूक कमी.

मग ढोल-ताशाची क्लिप टाकायची. सुरुवातीला सगळं ठीक, दहाव्या मिनिटाला टिपरू ढोलावरून उठतं आणि मग आवाज येतो. सॉफ्टवेअरला शिव्या देऊ नयेत. फोन उजेड बघून फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, कमी-जास्त करतो, त्याचा हा प्रताप. क्लिप आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरातून काढायची, फ्रेम रेट 30 आणि 'कॉन्स्टंट', म्हणजे कायम एकसारखा, निवडून. आणि हो, क्लिपा पेनड्राइव्हवर ठेवून एडिटिंग नको. प्रोजेक्टमध्ये क्लिपचा नुसता पत्ता असतो. पेनड्राइव्ह काढला की टाइमलाइन, म्हणजे क्लिपा मांडलेली पट्टी, लालेलाल.

पण खरी परीक्षा व्हिडिओवरच्या नावाची पाटी. माझा नियम असा: इफेक्ट किती, ट्रान्झिशन किती, हे नंतर. आधी 'हार्दिक शुभेच्छा' टाइप करायचं. कच्च्या सॉफ्टवेअरात र पाय मोडून पडतो, रफार चढतच नाही आणि द ची वेलांटी क ला जाऊन चिकटते. फाँट बदलून उपयोग नसतो, कारण अक्षरं जुळवणारं इंजिनच त्यात नसतं. प्रीमियर प्रोमध्ये ग्राफिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन'वर ठेवावं लागतं.

मराठी पास झाली की कन्नड. आपल्याकडं पाटी दोन्हीत लागते आणि कन्नडचं ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन, अक्षराच्या पायाशी बसायला हवं. ते शेजारी येऊन बसलं की खानापूरचे पाव्हणे हसणार.

दोन्ही जमत नसेल तर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरात पाटी लिहायची, मागं पारदर्शक ठेवून पीएनजी काढायची आणि व्हिडिओच्या वरच्या ट्रॅकवर ठेवायची. चित्रात गोठलेली वेलांटी कुठं पळत नाही.