कुपवाडच्या कामगाराचं मत परप्रांतीयामुळं फिरत नाही

एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, की परप्रांतीय येऊन आपल्या नोकऱ्या पण खातायत आणि योजना पण, म्हणून कष्टकरी माणूस चिडलाय अन् त्या रागातनंच मत देतोय, इंग्लंडात पण हेच झालं. सांगलीत राहून हे वाचलं की गप्प बसवत नाही.

आधी योजना. लाडक्या बहिणीचे १५०० घ्यायचे तर अधिवास दाखला, नाहीतर १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार कार्ड असलं काहीतरी लागतं, गेल्या वर्षी बिहारातनं आलेल्या मजुराची बायको ते कुठनं आणणार? रेशन तो इथं उचलतो ते अन्नसुरक्षा कायद्याचं, केंद्राचं, आणि इथं उचललं की गावाकडच्या घरच्या कार्डावरनं तेवढं कमी होतं. आपल्या पिशवीतलं जात नाही.

नोकरीचं दुखणं मात्र खरं आहे, ते नाकारत नाही. आपल्या सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत आपलं पोरगं वर्षानुवर्षं ठेक्यावरच राहतं. पण बाहेरचा मजूर स्वस्त पडतो म्हणून आणतात ना, मग तो स्वस्त ठेवला कुणी? १९७९ च्या कायद्यात लिहिलं होतं की ठेकेदारानं परराज्यातनं आणलेल्या मजुराला त्याच कामाची मजुरी स्थानिकाएवढीच द्यायची. ती खरोखर दिली असती तर आपल्या पोराला डावलायचं कारणच राहिलं नसतं. भांडायचं तर यावर भांडा. आणि विटा, आटपाडीकडं हा मेसेज पाठवताना जरा विचार करा, तिथली कितीतरी घरं गलाईवर, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यावर, चालतात, पोरं तमिळनाडूत, यूपीत, बिहारात दुकान टाकून बसलीत, तिथं तीच परप्रांतीय आहेत की.

आता मतदान. २०२४ च्या लोकसभेला महायुतीला राज्यात ४८ पैकी १७ जागा, आणि पाच-सहा महिन्यांनी विधानसभेला तीन पक्षांना मिळून २३०. एवढ्यात काय परप्रांतीयांच्या रेल्वेगाड्या वाढल्या होत्या का? ऑगस्टपासनं बायकांच्या खात्यात पैसे यायला लागले होते. फक्त त्यानंच झालं असं मी म्हणत नाही, पण परप्रांतीयाच्या रागातनं झालं म्हणायला तर काहीच आधार नाही.

इंग्लंडचं अर्धंच सांगतात. २०१६ ला बोस्टन गावात ७५ टक्क्यांच्या वर लोकांनी युरोपीय संघातनं बाहेर पडायला, म्हणजे ब्रेक्झिटला, मत दिलं, आणि तिथं शेतीकामाला पूर्व युरोपातले मजूर थोड्या वर्षांत एकदम आले होते, हे खरंय, एकदम गर्दी झाली की माणूस बिथरतो. पण परदेशातनं आलेले सगळ्यात जास्त लंडनमधे, आणि तिथं ६० टक्के लोक राहा म्हणाले. थिमो फेट्झर या अर्थतज्ज्ञानं २०१९ मधे दाखवलं की २०१० नंतर सरकारनं गरिबांची मदत जिथं जास्त कापली, तिथं बाहेर पडा म्हणणाऱ्या यूकेआयपी पक्षाची मतं जास्त वाढली. म्हणजे हप्ता तुटला की राग येतो. पटत नसेल तर ई-केवायसीत जिचे १५०० अडकलेत अशा एखाद्या ताईला विचारा, ती बिहारच्या मजुराचं नाव घेते का बघा.