ओल्या भिंतीवर पुट्टी का टिकत नाही: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. ओल्या भिंतीचं सुटलेलं प्लास्टर काढा, असं मी आधीच्या लेखात सांगितलं होतं. त्यावर ‘बाथरूमच्या पाठच्या भिंतीचे पोपडे खरवडून दोन हात पुट्टी आणि वर वॉटरप्रूफ रंग मारला की दोन दिवसांत काम होतं, प्लास्टर फोडायला सांगून तुम्ही लोकांना खर्चात पाडता,’ असं तुम्ही लिहिलंत. एक गोष्ट मान्य: भिंत कोरडी असेल आणि नुसत्या केसासारख्या भेगा असतील तर प्लास्टरला हात लावायचं कारण नाही. हे त्या लेखात स्पष्ट यायला हवं होतं. पण तुम्ही म्हणता ती भिंत कोरडी नाही.

सुटलेल्या पोपड्याच्या मागे बघा. पांढरी, कापसासारखी भुकटी दिसली तर तो खार. ओल विटांतले, प्लास्टरमधले क्षार विरघळवून बाहेर आणते. पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक राहतात, वाढतात आणि वरचा थर ढकलून काढतात. त्यावर वॉटरप्रूफ रंग मारलात तर ओलीची वाट बंद होते आणि रंग फुगे धरून सुटतो. म्हणून आधी गळती बंद करा: टाइल्सचे सांधे, नहाणी ट्रॅप (जमिनीतल्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं), भिंतीतला पाइप. खार कोरड्या ब्रशनेच झाडा. धुतलात तर तो विरघळून पुन्हा आत जातो.

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने भिंत ठोकून बघा. बद्द, पोकळ आवाज येईल तेवढंच प्लास्टर काढायचं, सगळी भिंत नव्हे. विटा भिजवून 1:4 सिमेंट-वाळूचं साधारण 12 मिमी प्लास्टर करा, 7 दिवस पाणी मारा आणि नंतर सुकू द्या. किती दिवस, ते भिंतच सांगते. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून 24 तास ठेवा. आतून दव धरलं तर अजून थांबा.

पुट्टी पांढऱ्या सिमेंटची घ्या. पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) ओलीत मऊ पडतं. किलोला 350 ते 400 मिली पाणी, आणि दोन-तीन तासांत संपेल एवढीच कालवा. दोन हात मिळून थर दीड मिमीच्या वर नको. खड्डे पुट्टीने भरले की हमखास तडे जातात, म्हणून खड्डे आधी सिमेंट-वाळूच्या मसाल्याने भरा. 180 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, शेवटी 320. घासल्यावर धूळ पुसायचा मात्र बहुतेकांना कंटाळा येतो. मग प्रायमर (रंगाआधीचा थर) भिंतीला न धरता धुळीला धरतो आणि मास्किंग टेप काढताना रंगाचा पापुद्रा टेपबरोबर निघून येतो.

राहिला वेळेचा मुद्दा. दिवाळीआधी रंग लावून घ्यायची घाई समजते, पण पावसाळा नुकताच संपलेला असतो आणि भिंतीत ओल भरपूर असते. बाकीच्या खोल्या तेव्हा रंगवून घ्या. ही एक भिंत प्लास्टर करून तशीच उघडी ठेवा आणि जानेवारीत, प्लास्टिक लावून तपासल्यावर, पुट्टीला हात घाला.