'डेस्कफोन हॅक होत नाही' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

पुण्यातल्या ऑफिस ॲडमिनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, की टेबलावरचा आयपी फोन (ऑफिसच्या कॉम्प्युटर नेटवर्कवर चालणारा फोन) हा साधा फोनच, रिसीव्हर ठेवला की माइक बंद, फायरवॉलच्या (बाहेरून नेटवर्कमध्ये येणाऱ्यांना अडवणाऱ्या यंत्रणेच्या) आत आहे म्हणजे कोणी पोचत नाही, आणि चालू फोनचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) उगाच अपडेट करू नका, बंद पडेल. हिंजवडीपासून सदाशिव पेठेतल्या सीए ऑफिसपर्यंत लोक हे वाचून निवांत बसतील, म्हणून लिहितोय.

साधा फोन वगैरे काही नाही हो, आत प्रोसेसर आहे, मेमरी आहे, बऱ्याच मॉडेलांत चक्क लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि वर एक छोटा वेब सर्व्हर. पटत नसेल तर फोनच्या मेनूत जाऊन आयपी पत्ता (नेटवर्कवरचा फोनचा नंबर) बघा आणि ब्राउझरमध्ये टाका, बहुतेक वेळा लॉगिन पेज येतं. कर्वे रोडवरच्या एका ऑफिसात मी हे मालकांसमोरच केलं, डिफॉल्ट, म्हणजे कंपनीकडून आलेला पासवर्ड टाकला आणि आत, एक्स्टेंशनं, कॉल लिस्ट सगळं स्क्रीनवर, कारण फोन बसवणाऱ्याने पासवर्ड बदललाच नव्हता. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या लोकांनी २०१९ मध्ये २५ कंपन्यांचे ३३ फोन तपासले तर ४० त्रुटी निघाल्या.

माइकचं म्हणाल तर २०१२ मध्येच कोलंबिया विद्यापीठाच्या आंग क्वी आणि साल्वातोरे स्टोल्फो यांनी सिस्को कंपनीच्या फोनवर दाखवून दिलंय, रिसीव्हर जागेवर आणि माइक चालू. रिसीव्हर ठेवलाय की नाही हे शेवटी सॉफ्टवेअरच ठरवतं, ते ताब्यात गेलं की झालं. त्या डेमोत फोनला एक छोटं डिव्हाइस लावावं लागलं होतं हे खरं, पण रिसेप्शनवरचा फोन कोणाच्याही हाताशी असतो ना.

फायरवॉल बाहेरच्यांसाठी असते. अकाउंट्सच्या एखाद्याने फसव्या मेलवर क्लिक केलं की हल्ला करणारा आतच आला, आणि कित्येक ऑफिसांत कॉम्प्युटरची केबल फोनमधूनच गेलेली असते. मार्च २०२३ मध्ये सिस्कोच्या ६८००, ७८०० आणि ८८०० मालिकांतल्या मल्टिप्लॅटफॉर्म फर्मवेअरवाल्या फोनांत त्रुटी जाहीर झाली, लॉगिन न करता वेब पेजवरून रूट, म्हणजे पूर्ण अधिकाराच्या कमांड चालवता येत होत्या, गंभीरता १० पैकी ९.८.

पण सगळ्यात घातक सल्ला 'अपडेट करू नका' हाच. अवाया कंपनीच्या ९६०० मालिकेतल्या फोनांचं बघा. फोन सुरू होताना नेटवर्ककडे आयपी मागतो, ते काम करणारा डीएचसीपीचा ओपन सोर्स (कोणालाही वापरता येणारा) कोड कंपनीने कधीतरी घेतला. त्या कोडमधली चूक २००९ मध्ये जाहीर झाली, मूळ कोडमध्ये दुरुस्तही झाली, फोनमधली कॉपी मात्र तशीच राहिली, थेट २०१९ मध्ये मॅकॅफी या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना सापडेपर्यंत. नेटवर्कवरच्या कोणालाही त्यातून फोनचा पूर्ण ताबा आणि खोलीतला आवाज मिळू शकत होता. अवायाने जून २०१९ मध्ये दुरुस्ती दिली, पण ज्यांनी अपडेट टाकलंच नाही त्यांच्याकडे ती चूक आजही आहे.

बंद पडायची भीती चुकीची नाही, अपडेट चालू असताना लाइट गेली तर फोन अडकू शकतो. म्हणून फोन ज्याला जोडलेत तो नेटवर्क स्विच यूपीएसवर घ्या, कॉन्फिगचा (फोनच्या सेटिंगचा) बॅकअप ठेवा, आधी एकाच फोनवर करून बघा, आणि गुरुवार टाळा, त्या दिवशी मेंटेनन्ससाठी लाइट जातेच. पासवर्ड बदलणं आणि फोनांसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच वायरिंगवर वेगळं ठेवलेलं नेटवर्क), दोन्ही त्याच दिवशी उरकून टाका. आणि ज्या मॉडेलला कंपनीने अपडेट देणंच बंद केलंय, तो फोन मीटिंग रूममधून आधी काढा.